वाटून खाणारी नीलाक्का

गेल्या आठवड्यात निकाल कळला. ज्या गोळीसाठी आमच्या विभागानं इतकी वर्षं खस्ता खाल्ल्या, त्या गोळीचा काही उपयोग नाही. नेहमीच्या उपचारांबरोबर ती गोळी घेतलेल्या बायका आणि न घेतलेल्या बायका, दोन्ही गटांत फरक म्हणून काही पडलेला नाही. डॉक्टरांनी हे आम्हाला चहाच्या वेळी सांगितलं. कुणी बिस्किटाला हात लावला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी रडायच्या बेतात होती.

मला मात्र ऐकल्या ऐकल्या इतकं हलकं वाटलं, की माझीच मला लाज वाटली. आणि लगेच पाठोपाठ असं भडभडून आलं, की उठून बाहेर जावं लागलं. सगळ्या जगात ही बातमी जिला आनंदाची वाटली असती, ती नीलाक्का आता नाही. 'सुनंदाच्या वाट्याचं औषध मी खाल्लं काय?' हा एकच प्रश्न उराशी धरून ती गेली. उत्तर आलं ते तिच्या माघारी.

मी कोल्हापुरातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात काम करते. डॉक्टर नाही. नव्या औषधाची माणसांवर रीतसर चाचणी घेतात, तिला सगळे ट्रायलच म्हणतात. त्या ट्रायलमध्ये येणाऱ्या पेशंटला सगळं समजावून सांगायचं, तपासण्यांच्या तारखा सांभाळायच्या, गोळ्यांच्या बाटल्या द्यायच्या आणि परत घ्यायच्या, हे माझं काम. यातलं समजावणं सगळ्यात अवघड. 'ट्रायल' म्हटलं की निम्मी माणसं 'आम्हाला उंदीर समजलाय काय' म्हणून उठतात, आणि उरलेली निम्मी हात जोडून 'तुम्हीच देव' म्हणतात. दोन्हींचा मला सारखाच वैताग येतो.

नीलाक्का दोन्हींतली नव्हती. ती गडहिंग्लजच्या पलीकडची, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या गावची. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. नवरा गेल्यावर मिरचीचा व्यापार तिनंच सांभाळला होता. अंगानं भरदार, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज असा की पलीकडच्या एक्स-रेच्या खोलीतला माणूस डोकावून बघायचा. ती येऊन गेली की माझ्या खोलीत सुक्या मिरचीचा वास बराच वेळ रेंगाळायचा आणि डॉक्टर शिंकायचे. तिच्या छातीत गाठ होती. ऑपरेशन झालं होतं, सलाईनमधून औषधाचे डोस सुरू व्हायचे होते.

पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर अशी बसली, जशी बाजारात मिरचीच्या पोत्यासमोर बसत असेल.

"हं, सांगा," म्हणाली.

मी सांगितलं. नेहमीचं औषध सगळ्यांना मिळणारच, त्यात काही कमी होणार नाही. त्याच्याबरोबर रोज एक गोळी घ्यायची. निम्म्या बायकांच्या बाटलीत नव्या औषधाची गोळी असेल, निम्म्यांच्या बाटलीत दिसायला अगदी तशीच, पण औषध नसलेली साधी गोळी. कुणाला कुठली, ते मी ठरवत नाही, डॉक्टर ठरवत नाहीत. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कॉम्प्युटर ठरवतो. आणि ते आम्हालाही शेवटपर्यंत कळत नाही.

"तुम्हालाबी न्हाई? का म्हणून?"

"कळलं तर आमचं मन झुकतं. जिला नवं औषध मिळालंय ती आम्हाला उगाचच बरी दिसायला लागते."

"व्हय, ते खरं," ती लगेच म्हणाली. "आपल्या पावण्याची मिरची बाजारात आली की जरा जास्तच लाल दिसती. बरं, गोळी लागू पडती का?"

"माहीत नाही."

"मग कुणाला ठाऊक हाय?"

"कुणालाच नाही, अक्का. तेच बघायचंय. उपयोग होईल, होणार नाही, कदाचित त्रासही होईल."

मला वाटलं, आता ही उठणार.

"बरं झालं," ती म्हणाली. "'लागू पडतीच' म्हणाला असता तर तवाच उठून गेलो असतो. जो आपल्या मालाची आण घेतो, त्येचा माल मी कधी घेतला न्हाई." आमच्याकडे बायकाही 'आलो', 'गेलो'च म्हणतात. "आणि मधीच सोडायचं म्हटलं तर?"

"केव्हाही सोडा. कारणसुद्धा सांगायला नको. बाकीचे उपचार आहेत तसेच चालू राहतील."

"मग आज न्हाई. घरी लेकाला इचारतो." दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "इचारतो म्हंजे नुसतं इचारतो. करणार हाय मला वाटंल तेच." पुढच्या खेपेला येऊन तिनं कानडीत झोकदार सही केली.

तिच्या गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग असायचं. लिंगायत घरांत ते अंगावेगळं करत नाहीत. सिटी स्कॅनच्या खोलीतल्या माणसानं 'सगळं काढून ठेवा' म्हटल्यावर जो गोंधळ झाला, तो जिन्यापर्यंत ऐकू आला. मी धावत गेले. अक्का टेबलावर बसून राहिली होती. "जीव गेल्यावरबी ह्ये आमच्या तळहातावर ठेवत्यात, आणि ह्यो जित्तेपणी काढ म्हणतोय!" शेवटी चांदीचा करंडा माझ्या हातात दिला, लिंग कापडात गुंडाळून तिच्या मुठीत. छातीच्या स्कॅनला हात डोक्याच्या वर धरूनच झोपायचं असतं, त्यामुळं मूठ मशीनच्या आड आली नाही. बाहेर आल्यावर तिनं त्याच माणसाला पर्समधला शेंगदाण्याचा लाडू अर्धा मोडून दिला. अर्धा स्वतः खाल्ला.

हे अर्धं मोडणं म्हणजे अक्का. तिच्या घरात दासोहाची रीत जुनी. मठात येईल त्याला जेवू घालायचं, आणि घरीही दारात आलेल्याला वाढल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. डोस घ्यायला आलेल्या बायका हॉलमध्ये ओळीनं खुर्च्यांवर सलाईन लावून बसतात. कुणाला मळमळतं, कुणाला अन्नाचा वास नको असतो. अक्का तिथं डबा उघडायची आणि उजवीकडच्या बाईला आधी विचारायची, मग डावीकडच्या. केळ्याचे दोन तुकडे, भाकरीचे चार. "एकटीनं खाल्लेलं अंगाला लागत न्हाई," हे तिचं पेटंट वाक्य. एकदा मी नको नको म्हणताना तिनं माझ्या तोंडात चटणी-भाकरीचा घास कोंबला होता, आणि डोळ्यांतून पाणी आल्यावर म्हणाली होती, "तू कोल्हापूरची न्हवं? नाव घालवलंस की."

तिथंच तिला सुनंदा भेटली.

सुनंदा बिद्रीकडच्या एका खेड्यातली, तिशीची. नवरा साखर कारखान्यात कामाला, एक लहान मुलगी. तिचाही तोच आजार, पण जास्त पसरलेला. बोलायची इतकी हळू, की मला दोनदा विचारावं लागे. ट्रायलचं मी तिला दोन वेळा समजावलं होतं आणि दोन्ही वेळा तिनं मान हलवून काहीच न कळल्यासारखं बघितलं होतं. समजावल्यावर 'आता तुम्ही मला सांगा' म्हणायची आमची पद्धत आहे. सुनंदा गप्प. स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत सही घ्यायची नाही, म्हणून मी तिला थांबवून ठेवलं होतं. बाहेर येऊन बघते तर अक्का तिला मिरची विकत होती.

"ह्ये बघ तंगी, दोन पोती हाईत. तोंडं शिवल्याली. एकात झणझणीत मिरची, एकात नुसता रंग. तुला कुठलं आलंय, तुला ठाऊक न्हाई. त्या म्याडमला न्हाई, डॉक्टरला न्हाई. समद्यांनी आपापली चटणी करून खायाची. लई बायकांनी खाल्ली, की मग बघायचं, कुणाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिरची चांगली का वाईट ते तवा कळणार. तवर न्हाई."

कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. सुनंदा हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. आत येऊन तिनं मला सगळं जसंच्या तसं सांगितलं, मिरचीसकट.

त्यानंतर दोघी एकाच दिवशी यायला लागल्या. तारखा जुळवून द्यायला अक्कानंच माझ्यामागं लकडा लावला. डोस झाला की दोघी एसटी स्टँडवर जायच्या, तिथून एक गडहिंग्लजच्या गाडीत, दुसरी बिद्रीच्या. सुनंदाच्या डोक्यावरचे केस गेले तेव्हा अक्कानं तिला आपल्यासारखाच पदर डोक्यावरून घट्ट घ्यायला शिकवलं. माझ्या खोलीतसुद्धा दोघी एकदमच घुसत. मला तो देखावा आवडायचा, खोटं कशाला सांगू? आमच्या खोलीत आवडण्यासारखं फार काही घडत नाही.

एकदा नेहमीप्रमाणे रिकाम्या बाटल्या परत घेताना अक्कानं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. प्रत्येक बाटलीवर ज्या त्या पेशंटचा नंबर असतो.

"अक्का, ही तुमची नाही. ही सुनंदाची आहे."

"आमचीच की. दोघींची."

"दोघींची म्हणजे?"

मग तिनं अगदी कौतुकानं सांगितलं. स्टँडवर बाकड्यावर बसायचं, पदरात दोन्ही बाटल्या ओतायच्या, चांगल्या कालवायच्या आणि निम्म्या निम्म्या करून घ्यायच्या. सुनंदाच्या पहिल्या बाटलीपासून असंच चाललं होतं. "एकीची खरी आणि एकीची खोटी आसंल, तर निम्मी निम्मी तरी खरी दोघींच्या पोटात जाईल न्हवं? चिठ्ठीनं एकीला तारायचं आणि एकीला मारायचं, ह्ये कसलं? आमी चिठ्ठीलाच फसिवली." सुनंदा मागं उभी राहून हसत होती. दोघींच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

एवढ्या वर्षांत लोकांनी माझ्यापासून बरंच काही लपवलेलं आहे. गोळ्या चुकवतात, फेकतात, वैदूचा काढा वर घेतात. पण गोळ्या वाटून खाल्लेल्या मी ऐकल्या नव्हत्या. मी खाली बसून समजावलं, की निम्म्या औषधाचा गुण येतो का हे कुणीच तपासलेलं नाही. ज्याची मात्रा ठरलेली आहे ते मनानं कमी-जास्त करणं धोक्याचं असतं. आणि आता तुमच्या दोघींवरून त्या गोळीबद्दल काहीच ठरवता येणार नाही.

"म्हंजे तुमचं गणित चुकलं?"

"हो, अक्का."

"आणि माणूस जगलं तर?"

मी डॉक्टरांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं. औषध बनवणाऱ्या कंपनीला कळवलं गेलं, रुग्णांच्या हितावर देखरेख करणारी समिती असते, तिलाही. दोघींच्या गोळ्या बंद करायच्या, नेहमीचे उपचार तसेच चालू ठेवायचे, असं ठरलं. तो दिवस मला अजून दिसतो. माझ्या टेबलाच्या कडा धरून अक्का उभी होती.

"माझ्या बंद करा. तिच्या चालू ठेवा. कल्पना माझी हाय, पोरीला कायबी ठाऊक न्हवतं."

"तसं करता येत नाही, अक्का."

"मी गुन्हा केला म्हणून लिवून देतो."

"हा गुन्हा नाही. शिक्षाही नाही. पण आता गोळ्या देता येणार नाहीत."

सुनंदानंच तिचा हात धरून तिला बाहेर नेलं.

त्यानंतर सुनंदाचा आजार यकृतात गेला. औषधं बदलली, तीही चालेनात. डॉक्टर मला म्हणाले, हे होणारच होतं, पहिल्या तपासणीतच दिसत होतं. ती गावाकडे घरी गेली, आणि तिथंच संपली. अक्का एसट्या बदलत तिच्या मातीला गेली होती. सुनंदाची मुलगी दिवसभर अक्काच्या मांडीवरून उठली नाही, असं तिनं मला सांगितलं, आणि मग माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून हिशेब मांडावा तसं बोलायला लागली. आवाज मात्र तिचा नव्हता. सुनंदासारखी बोलत होती.

"पोरी, मला सांग. एकीची बाटली खरी आसंल. ती माझी आसली, तर मी तिला निम्मी दिली, चांगलं झालं. पर ती तिची आसली तर? तर मी तिच्या तोंडातली निम्मी काढून घेतली. ती गेली. मी हाय. माझी गाठ काय परत आली न्हाई."

"अक्का, दोघींच्याही खऱ्या असतील. दोघींच्याही साध्या असतील."

"आसतील. न्हाई बी आसतील."

"आणि त्या गोळीत काही गुण आहे हेच कुठं ठरलंय?"

"गुण न्हाई म्हणून सांग की मग."

मी तिची फाईल पुढं ओढली.

"सांग की. तुला ठाऊक हाय?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली. पहिल्या दिवशी ज्या 'माहीत नाही'वर तिनं माझ्यावर विश्वास टाकला होता, त्याच शब्दानं मी आता तिला मारत होते, आणि दुसरा शब्द माझ्याजवळ नव्हता. खोटं बोलले असते तर तिनं डोळ्यांवरून ओळखलं असतं. बाजारात जन्म गेला होता तिचा.

तिनं डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं. म्हणाले, गोळी लागू पडते हे माहीत असतं तर आम्ही सगळ्यांनाच दिली असती. अक्कानं ऐकून घेतलं. "तुमचं खरं हाय, साहेब. पर रातीला डोळा लागत न्हाई, त्येला काय हाय का तुमच्याकडं?"

कुणाच्या बाटलीत काय होतं, हे मधेच उघडता येतं, पण तसंच काही वैद्यकीय संकट आलं तरच. मनाच्या दुखण्याला तो नियम लागू नव्हता. ट्रायल एकट्या कोल्हापुरात नव्हे, किती तरी गावांत, देशांत चाललेली. शेवटच्या पेशंटची शेवटची तपासणी होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "एका बाईचं सांगायला समद्या जगासाठी थांबायचं?" रागानं नाही म्हणाली. खरंच विचारत होती.

ती तपासणीला येत राहिली. प्रत्येक वेळी दारातूनच "कळलं काय?" आणि माझी मान हललेली बघून आत. हॉलमध्ये डबा उघडणं तिनं बंद केलं. कुणी दिलं तरी घ्यायची नाही. वाळत चालली, आणि मला वाटलं मनानंच वाळतेय. मग पाठ दुखायला लागली. आजार हाडांत उतरला होता. ते तिला सांगितलं तेव्हा तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला. मला तो अजिबात आवडला नाही. मी तिच्यावर ओरडलेसुद्धा.

निकाल कळल्यावर मी तिच्या लेकाला फोन केला. काय सांगावं ते ठरवलं नव्हतं. सुनंदाचं नाव घेतलं. "बिद्रीकडची पोरगी न्हवं? अव्वा तिच्या लेकीला दर दिवाळीला कापडं न्यायची," तो म्हणाला. त्यांच्या घरात आईला अव्वा म्हणतात. गोळ्यांचं म्हटलं तर त्याला काहीच माहीत नव्हतं. "अव्वा कधी काय बोलली न्हाई," म्हणाला. मी निकाल सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मिरची काढायची घाई आहे म्हणून फोन ठेवला. त्याचं काय चुकलं? कुणाच्या बाटलीत काय होतं, तेही आता विचारलं तर कळेल. मी विचारलेलं नाही. ज्यांना कळायला हवं होतं त्या दोघी नाहीत, तर मला कशाला?

अक्काला मी शेवटची पाहिली ती आमच्या विभागाबाहेरच्या बाकावर. लेक गाडी आणायला खाली गेला होता. तिला सरळ बसवत नव्हतं, भिंतीला टेकून बसली होती. इतक्यात माझ्या खोलीतून एक नवीन मुलगी बाहेर पडली, दुसऱ्या एका ट्रायलमधली. पहिलीच बाटली तिच्या हातात होती, आणि ती कुठं ठेवावी हे तिला सुचत नव्हतं. अक्कानं तिला बोटानं जवळ बोलावलं. मुलगी वाकली.

"गोळ्या तुझ्या तूच खायच्या," अक्का म्हणाली. तिला धाप लागत होती. "कुणाला द्यायच्या न्हाईत. कुणी कितीबी जिवाभावाचं आसू दे. बहीण आसली तरी न्हाई."

"नाही देणार, आजी," मुलगी घाबरून म्हणाली आणि निघून गेली.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. "बरोबर सांगितलं न्हवं, पोरी?"

"बरोबर सांगितलंत, अक्का."

तिनं मान हलवली. मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, हमसून हमसून रडायला लागली.